बिरुदेवाची कंबर

श्रावणात धरलेली बिरुदेवाची कंबर दसरा आला तरी सुटेना. एखाद्या बसून खाणाऱ्याची कंबर धरली असती तर गोष्ट वेगळी. पण बिरुदेव पडला धनगर. दिवाळी झाली की सव्वाशे मेंढ्या घेऊन माळशिरसच्या माळावरची वस्ती सोडायची, करकंबच्या बाजूला ऊस तुटलेल्या रानांत खतासाठी मेंढ्या बसवायच्या आणि असं रानोरान फिरत उन्हाळा काढायचा. चालणं हाच त्याचा धंदा. आणि आता तो चालायचा कसा, तर पायात काटा मोडलाय आणि कुणाला काढू देत नाही, असा.

"दिवाळीपतुर ह्यो नीट चालाय लागला तर ठीक, न्हाईतर मेंढ्या इकायच्या," असं म्हातारा बोलून बसला होता. म्हातारा म्हणजे बिरुदेवाचा बाप. आयुष्यात त्यानं बोललेला शब्द कधी फिरवला नाही आणि ह्याचा घरादाराला फार ताप झाला. अमावास्येला लोकर कातरायची नाही म्हणजे नाही, मग आभाळ भरून येऊ दे. मालकावर धावून आलेला मेंढा वाड्यात ठेवायचा नाही म्हणजे नाही, मग तो सोन्याचा का असेना. म्हाताऱ्याच्या थोरल्या भावाच्या छातीत एका मेंढ्यानं धडक घातली होती, तेव्हापासून तो भाऊ कुबड काढून बसला तो मरेपर्यंत. म्हाताऱ्यानं दुसऱ्याच दिवशी त्या मेंढ्याला बाजार दाखवला आणि वर हा कायदा करून ठेवला.

मेंढ्या विकायच्या म्हटल्यावर शिवबाईला धास्ती बसली. शिवबाई म्हणजे बिरुदेवाची बायको. मेंढ्या गेल्या तर पुढं काय? दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायचं, दुसरं काय! पण भीतीच्याही आधी तिला पडलं होतं कोडं. ही बाई लहानपणापासून अशीच. टिकटिक कुठून येते ते बघायला तिनं माहेरी बापाचं घड्याळ उघडलं होतं आणि मार खाल्ला होता. आता नवऱ्याच्या कमरेत काय टिकटिकतंय ते कळल्याशिवाय तिला घास गोड लागेना.

बिरुदेव सांगायचा ते एवढंच, "वैरणीचा भारा डोक्यावर हुता. बांधावरनं पाय सटाकला. कमरंत कळ आली."

त्या दिवशी शिवबाई बाजाराला गेली होती. परत येऊन बघते तर नवरा खाटेवर पालथा.

"तेल चोळू का?" तिनं विचारलं.

"हात लावू नगंस!" तो असा ओरडला की खाटेखालचं कुत्रं उठून गेलं.

आठ दिवस वाट बघून ती त्याला पंढरपूरला हाडाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं भाऱ्याची हकीगत ऐकली, कमरेचा एक्स-रे काढला, उजेडापुढं धरला.

"मणके साबूत आहेत. वरून भार पडल्यानं स्नायू आखडलाय. पट्टा बांधा, गोळ्या घ्या."

पट्टा आला, गोळ्या आल्या, गोळ्यांनी पोटात जळजळ आली, पण कळ काही गेली नाही. शिवबाईनं एक्स-रेची ती काळी फिल्म मात्र जपून ठेवली. दुपारी भाकरी झाल्या की ती अंगणात यायची आणि फिल्म सूर्यापुढं धरायची. एकावर एक रचलेले मणके. सगळे एकसारखे, कुठं खोट नाही. खाली खाली येत फिल्म संपायची.

"ह्याच्या खाली काय आसतं ओ?"

"खाली पाय आसत्यात," बिरुदेव म्हणाला.

"पायाच्या वर आन् ह्याच्या खाली?"

"तू गप ग. डागदर झाली मोठी!"

गप बसेल ती शिवबाई कसली. भाद्रपदात तिनं त्याला एसटीत घालून थेट सोलापूरला नेला, मणक्याच्या मोठ्या डॉक्टरकडं. तिथं त्याला उताणा करून नळकांड्यासारख्या मशिनीत घातला. आतनं ठाकठुक, धडधड असा आवाज. अर्ध्या तासानं बाहेर आला तेव्हा बिरुदेवाच्या तोंडावर रंग नव्हता. डॉक्टरनं फोटो बघितले, त्याला बोटांवर उभा केला, टाचांवर उभा केला, गुडघ्यावर लहानशी हातोडी मारून बघितली.

"मणक्याची झीज आहे, ती वयाप्रमाणं सगळ्यांनाच असते. शीर दबलेली नाही. एवढं दुखण्यासारखं फोटोत काही दिसत नाही." मग चष्म्यावरून बघत त्यानं विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?"

बिरुदेवाचे कान लाल झाले. धिप्पाड माणूस, लोकर भरलेलं पोतं एका हातानं फेकणारा, आणि हा डॉक्टर त्याला सांगतोय की तुझं दुखणं डोक्यात आहे. शिवबाईलाही राग आला. पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या खाली एक शंकेचा किडा वळवळला. सोंग तर करत नसेल? नाही. झोपेत कूस बदलताना तो कण्हायचा, आणि झोपेत कुणी सोंग करत नाही.

परत येताना एसटी निम्मी रिकामी होती. शिवबाईनं खिडकीची जागा धरली, शेजारी हात आपटून म्हणाली, "बसा की."

"ऱ्हाऊ दे. उभाच बरा हाय."

सोलापूरपासून पंढरपूरपर्यंत तो दांडी धरून उभा राहिला. बसताना जास्त दुखतं? आणि कंबर दुखणारा माणूस एवढे धक्के खात उभा राहील? तिनं ही गोष्ट मनाच्या गाठीला बांधून ठेवली.

मग कुणीतरी दानम्माचं नाव काढलं. दानम्मा अक्कलकोटकडची, लग्न होऊन शेजारच्या वस्तीवर आलेली. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायची आणि तिच्या अंगठ्यात म्हणे जादू होती. ती आली, तेल कोमट केलं, पदर खोचला आणि बिरुदेवाला म्हणाली, "पालथा पड. धोतर खाली सोड."

"कंबर दुखतीया. धोतराचं काय काम?"

"कंबर कुटं संपती ते मी बगतो. सोड म्हणतो की!"

बिरुदेव तिच्या हाताखालनं जो उठला, तो पट्टा सावरत, लंगडत मेंढ्यांच्या जाळ्याच्या कुंपणापर्यंत, वाघुरीपर्यंत गेला. दानम्मा तेलाची वाटी हातात धरून बघत राहिली. आयुष्यात तिच्या पुढ्यातनं बायका पळाल्या होत्या, पोरं पळाली होती, पण मिशीवाला पहिल्यांदाच पळाला.

"अय्यो! शिवबाई, हाडाची अशी लाज कुटं आसती काय?"

शिवबाई हसली. पण हसता हसता तिच्या मनात आलं, लाज कसली? नदीवर सगळ्यांदेखत लंगोटीवर पोहणारा हा माणूस.

दसऱ्यानंतर डॉक्टर आरिफ आले. सरकारी जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर, मोटरसायकलवर लशीची पेटी बांधून वस्त्यावस्त्यांनी फिरणारे. मेंढ्यांना लस टोचायची होती. दर साली बिरुदेव एकेक मेंढी गुडघ्यात दाबून धरायचा आणि डॉक्टर टोचत पुढं जायचे. औंदा चौथ्याच मेंढीला तो खाली बसला. मेंढी निसटली, बाकीच्या उधळल्या, वस्तीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शिवबाईनं त्याला बाजूला केलं आणि स्वतः मेंढ्या धरायला लागली.

डॉक्टर आरिफांनी सगळ्या मेंढ्या टोचून घेतल्या, हात धुतले, चहाचा कप घेतला आणि बिरुदेवाकडं बघत राहिले.

"बिरुदेव, त्या लिंबापर्यंत जरा चालून ये."

"का ओ डागदर?"

"ये की रं."

तो गेला आणि आला.

"आता नुसत्या डाव्या पायावर उभा राहा."

बिरुदेव उभा राहायला गेला आणि कळवळून त्यानं वाघुरीची मेख धरली.

"वहिनी, घरात हा बसतो कसा?"

शिवबाईनं डोळे मिटले. जेवताना, चुलीपुढं, देवळाच्या पायरीवर, नवरा कसा बसतो ते तिच्या डोळ्यापुढं आलं. "उजव्या कुल्ल्यावर," ती म्हणाली. "डावं अंग उचलून बसत्यात. तीन म्हयनं झालं, आसंच."

"मग ही कंबर न्हाई," डॉक्टर म्हणाले. "ह्याच्या खालचं आहे काहीतरी. माकडहाडाच्या वर, डाव्या अंगाला. मी माणसांचा डॉक्टर न्हाई, चुकतही असंन. पण आमचे पेशंट बोलत न्हाईत, म्हणून आम्हाला चाल बघायची सवय. आणि बोलत न्हाईत म्हणून ते खोटंही बोलत न्हाईत." शेवटचं वाक्य त्यांनी चहा संपवता संपवता सहज टाकलं. मग कागदावर एक नाव लिहून दिलं. "पंढरपुरात डॉक्टर धम्मप्रिया म्हणून आहेत. खुबा आणि त्याच्या आसपासचे सांधे, एवढंच बघतात. माझी अम्मी पडली तेव्हा त्यांनीच उभी केली. फक्त त्यांना नुसतं पडलो म्हणून सांगू नका. कसं पडला, कशावर पडला, सगळं सांगा."

एवढ्यात वाघुरीतनं रावसाहेब बाहेर आला.

रावसाहेब म्हणजे त्यांचा माडग्याळी जातीचा मेंढा. पोपटासारखं बाकदार नाक, लांब कान, आणि चाल अशी की समोरच्यानंच वाट द्यावी. जन्मला त्या दिवशी त्याची आई मेली. शिवबाईनं त्याला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजलं, थंडीत चुलीपाशी निजवलं. तिच्या स्वयंपाकात तोंड घालायचा हक्क त्याला आजही होता. रावसाहेब डुलत डुलत बिरुदेवाच्या मागच्या बाजूनं आला, आणि बिरुदेव गर्रकन फिरला. ज्याला कूस बदलवत नव्हती, तो माणूस भोवऱ्यासारखा फिरला आणि मेंढ्याला तोंड देऊन उभा राहिला.

शिवबाईच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

तिच्या मनात एक शंका आली. एवढ्यावर खरं मानेल तर ती घड्याळ उघडणारी बाई कसली! दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बादली भरली आणि नवऱ्याला म्हणाली, "तेवढं रावसाहेबाला पाणी ठिवून या."

"तू ठिव की."

"माजं हात पिठात हायती."

बिरुदेव बादली निम्मी रिकामी करून वाघुरीत गेला. शिवबाई दारामागनं बघत होती. त्यानं पाणी ठेवलं आणि तसाच मागं मागं सरकत बाहेर आला, देवळातनं निघताना देवाला पाठ दाखवत नाहीत तसा. लिंबाखालच्या खाटेवर म्हातारा बसला होता. त्यानं बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली.

झालं! कोडं सुटलं. पण आनंद होण्याऐवजी शिवबाईला रडू आलं. भारा नाही, बांध नाही. रावसाहेबानं मारलं, मागनं, आणि ह्या माणसानं तीन महिने तोंडातनं ब्र काढला नाही. कारण बोललं की बापाचा कायदा, आणि कायदा म्हणजे खाटकाचा टेम्पो. तिला नवऱ्याचा राग आला, त्याची कीव आली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक क्षण वाटलं, बरं झालं बोलला नाही. ह्या वाटण्याची मात्र तिची तिलाच लाज वाटली.

पंढरपूरला डॉक्टर धम्मप्रियांचा दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाई वयानं लहान, आवाज मऊ, पण नजर अशी की माणूस दारातनं आत येईपर्यंत तिनं त्याची चाल वाचून घेतली. एक्स-रे, मशिनीतले फोटो, सगळं बाजूला ठेवून तिनं आधी विचारलं, "काय झालं होतं?"

"वैरणीचा भारा डोक्यावर हुता," बिरुदेवानं सुरुवात केली. "बांधावरनं..."

शिवबाई उठली. "आवं, मी भाईर जाऊन बसू का? तुमाला काय सांगायचं आसंल तर नीट सांगा. मी न्हाई इचारायची."

बिरुदेवानं तिच्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. त्यानं ओठांवरनं जीभ फिरवली, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बस खाली," तो म्हणाला. "तुला कळलंय न्हवं? मंग बस. डागदरीणबाई, मेंढ्यानं मारलं."

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं खुर्ची पुढं ओढली. "समोरून की मागून?"

"मागनं."

"तुम्ही उभे होता?"

"न्हाई, वाकलो हुतो. कोकराच्या पायातला काटा काढत हुतो. पाठ केली हुती त्येला. आमच्यात शेंबडं पोरगंबी मेंढ्याला पाठ करत न्हाई, बाई. मीच येडा."

"किती लांबून आला?"

आता बिरुदेवाला राहवेना. तीन महिने तुंबलेलं पाणी फुटलं. "धा-पंधरा पावलं मागं गेला आसणार, बाई! खुरांचा आवाज ऐकला म्या. वळस्तवर धाडकन! काय त्येची ताकद म्हणायची! मी हितनं तितं, त्या खिडकीच्या भाईर जाऊन पडलो आसतो. धडक हितं बसली," आणि त्यानं पहिल्यांदाच कमरेवर नव्हे, तर धोतराच्या गाठीच्या चांगलं वीतभर खाली हात ठेवला. "आठ दिस काळंनिळं हुतं. भाकरीएवढं."

बाहेर बसलेली कंपाउंडर बाई खुदकन हसली. बिरुदेवाला त्याचं काही वाटलं नाही. नवऱ्याच्या बोलण्यात मेंढ्याचं कौतुक ऐकून शिवबाईनं कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाईनं त्याला टेबलावर पालथा निजवला. एक पाय वाकवला, दुसरा दाबला, मग अंगठा खाली खाली नेत एका जागी रोवला.

"आई गं! मेलो!" बिरुदेव ओरडला. मग टेबलावरनं मान वर करून म्हणाला, "हितंच! शिवे, हितंच! घावलं गं, घावलं!"

माणूस कळवळतोय आणि हसतोय. शिवबाईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. ह्या दुखण्याला अखेर जागा होती. सोंग नव्हतं, टेन्शन नव्हतं. बोट ठेवता येईल एवढी जागा होती.

खालच्या बाजूचा नवा फोटो काढून आणला. डॉक्टरीणबाईनं शिवबाईलाच जवळ बोलावलं. "हे बघा, मणके संपले की हे त्रिकोणी हाड. ह्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सांधा. हाडाला इथं केसाएवढी चीर होती, ती भरत आलीय. पण हा डावा सांधा दुखावलेलाच आहे, त्यावर ते तीन महिने चालले. आधीचे सगळे फोटो ह्याच्या वरचे. भारा वरून पडला म्हटल्यावर डॉक्टर वरच बघणार."

"मी म्हणलं न्हवं," शिवबाई नवऱ्याला म्हणाली, "पायाच्या वर आन् फिल्मच्या खाली काय आसतं?"

पट्टा बांधायचा तो कमरेला नव्हे, खुब्यावर. चार व्यायाम रोज. ओझं नाही, लांबचं चालणं नाही. "संक्रांत होऊ द्या. मग चाला हवं तेवढं."

"दिवाळीला न्हाई?"

"दिवाळीला नाही."

परतीच्या गाडीत बिरुदेव पुन्हा उभाच राहिला. माळशिरस जवळ आलं तसा तो वाकून हळूच म्हणाला, "बाला भारा म्हणूनच सांगू. रावसाहेबाला इकंल गं त्यो."

"डागदरापुढं खोटं बोलला, तवर दुखणं घावलं न्हाई," शिवबाई म्हणाली. "मी न्हाई सांगायची. पर तुमी खोटं सांगितलं, तर माज्याशी बोलू नगा."

म्हातारा लिंबाखाली खाटेवर होता. उशाला काठी. "घावलं काय?"

"घावलं."

"काय हुतं?"

बिरुदेवानं एकदा वाघुरीकडं बघितलं. रावसाहेब रवंथ करत बसला होता. "मेंढ्यानं मारलंय, बा. रावसाहेबानं. भारा न्हाई आन् काय न्हाई."

म्हाताऱ्यानं तंबाखू हातावर घेतली, चुना लावला, मळली, मळतच राहिला. "ठाव हाय मला," तो म्हणाला. "मी हितंच बसलो हुतो तवा."

"मंग बोलला न्हाईस?"

"बोललो आसतो तर मेंढा द्याय लागला आसता. शब्द माजाच न्हवं." त्याचा आवाज खाली गेला. "बरा हुशील आसं वाटलं. आन् आसं जित्राब पुन्यांदा हुतंय व्हय?"

शिवबाई सासऱ्यापुढं कधी मोठ्यानं बोलली नव्हती. पण आज तिचा बांध सुटला. "वा मामंजी, वा! तीन म्हयनं ह्यांला त्या मशिनीत घालून ठोकलं, येडं ठरिवलं, बायका हसल्या, आन् तुमी दोगं बापल्याक मेंढ्यापायी गप! माणसापरीस मेंढा मोठा झाला व्हय?"

म्हाताऱ्यानं तंबाखू तोंडात टाकलीच नाही, हातातनं खाली झाडली. "चुकलं, पोरी. माज्या डोळ्यादेकत भाऊ वाकडा झाला आन् मी ल्योकाचं तसंच करत हुतो." तो काठी टेकून उठला. "आता बोलणं झालंय. मालकावर आलेला मेंढा ठेवायचा न्हाई. येत्या बाजारला..."

"मालक कोण?" शिवबाई म्हणाली.

"आँ?"

"रावसाहेबाचा मालक कोण, म्हणते मी. बाटलीनं दूद कुणी पाजलं? रात-रात मांडीवर कुणी निजवलं? ह्येनी?" तिनं नवऱ्याकडं बोट केलं. "ह्येनी तर म्हणलं हुतं, जगायचं न्हाई त्ये, टाकून दे. त्यो माजा हाय. माज्यावर आला तर घाला बाजारात, मी ब्र काढायची न्हाई."

म्हातारा लेकाकडं वळला. "मंग ह्यो कोण?"

"ह्यो मालकिनीचा नवरा."

म्हाताऱ्याच्या पोटातनं हसू निघालं ते खोकल्यापर्यंत गेलं. बिरुदेवही हसायला लागला आणि डाव्या अंगावर हात दाबून "हसवू नगा, आई गं, हसवू नगा" म्हणत लिंबाला टेकला.

"आन् मेंढ्याबी इकायच्या न्हाईत," शिवबाईनं त्याच दमात उरकून घेतलं. "चुलतभावजींचा कळप संगं हायच. करकंबपतुर मी नेते. ह्येनी संक्रांतीला यायचं."

"आन् तवर मी काय करू?" बिरुदेव म्हणाला.

"व्यायाम करा. मामंजीस्नी भाकरी थापून घाला."

दिवाळीच्या पाडव्यानंतर चौथ्या दिवशी कळप निघाला. शिवबाई हातात काठी घेऊन पुढं, तिच्या पाठीला लागून रावसाहेब, गळ्यातली घंटा वाजवत, आणि त्याच्या मागं सव्वाशे मेंढ्या. मेंढ्याला पाठ करून चालू नको, म्हणून म्हाताऱ्यानं दोनदा ओरडून सांगितलं. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माळाच्या चढावर पोचल्यावर मात्र ती एकदाच थांबली आणि वळून बघितलं. मेंढ्याकडं नव्हे, वस्तीकडं. बिरुदेव लिंबाखालच्या खाटेवर बसला होता, पिठाचे हात तसेच, आणि दोन्ही अंगांनी नीट टेकून बसला होता.